अवजारे गाड्या पाहून : पेडणे व डिचोलीतील नव्या मेकॅनिकसाठी

वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या तरुणापुढे खर्चाचा पहिला मोठा प्रश्न उभा राहतो तो अवजारांचा. या प्रश्नाला बाजाराने एक तयार उत्तर ठेवलेले असते, ते म्हणजे शे-दीडशे नगांची चकचकीत पेटी. हे उत्तर सोयीचे दिसले तरी बहुधा चुकीचे ठरते. कारण अशा पेटीतील बरेचसे नग वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत, रोज लागणाऱ्या आठ-दहा मापांची प्रत मात्र किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी उतरवलेली असते, आणि परिसरात ज्या गाड्या प्रत्यक्ष दुरुस्तीला येतात त्यांना लागणारी दोन-चार खास अवजारे त्या पेटीत नसतातच. म्हणून संग्रहाची सुरुवात दुकानातून न करता रस्त्यावरून करावी, म्हणजे आपल्या गॅरेजच्या दारावरून कोणत्या गाड्या जातात, त्यांत कोणते बिघाड वारंवार होतात आणि त्यांतले कोणते काम आपल्याला आज निर्धोकपणे करता येते, हे ठरवून मगच पैसे खर्चावेत, अशी या लेखाची भूमिका आहे.

गोव्यासारख्या लहान राज्यातही या भूमिकेचे महत्त्व किती आहे, हे उत्तर गोवा जिल्ह्यातील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांकडे पाहिले की ध्यानात येते. पेडण्याची पश्चिमेकडील बाजू केरी, हरमल, मांद्रे, मोरजी अशा किनारी गावांची असून तेथे पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक लिहिलेल्या स्कूटर आणि मोटारी मोठ्या संख्येने फिरतात. पूर्वेकडे मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाल्यावर टॅक्सींची आणि हलक्या व्यापारी वाहनांची ये-जा वाढली आहे, तर पत्रादेवीहून गोव्यात शिरणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ हा दूरच्या प्रवासात बंद पडलेल्या गाड्यांचे काम आणून देतो. डिचोलीचे अर्थकारण मात्र अनेक दशके लोहखनिजाभोवती फिरत आले. त्यामुळे शिरगाव, मुळगाव, मये, पिळगाव या पट्ट्यात आणि साखळीच्या रस्त्यांवर खनिज वाहणारे टिपर, म्हणजे मागचा हौदा वर उचलून माल ओतणारे ट्रक, हेच गॅरेजांचे मुख्य गिऱ्हाईक राहिले. एका तालुक्यातील अवजारांची यादी उचलून दुसऱ्या तालुक्यात वापरली तर निम्मे पैसे वाया जाण्याची शक्यता आहे.

हा फरक केवळ अवजारांच्या आकारमानाचा नसून मापांचाही आहे, आणि त्यामागे भारतीय वाहनउद्योगाचा इतिहास आहे. टेल्को या कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी सहकार्य करून ट्रक बांधण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्या ट्रकांबरोबर नट-बोल्टांची जर्मन पद्धतही भारतात रुजली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि त्यानंतर हिरो होंडाच्या मोटारसायकली आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत जपानी पद्धत आली. बोल्टाचे माप दोन प्रकारे सांगितले जाते, एक त्याच्या आट्यांचा व्यास आणि दुसरे त्याच्या षटकोनी डोक्याच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतर. पाना विकत घेताना जो आकडा पाहावा लागतो तो दुसरा. आट्यांचा व्यास ८ मिलिमीटर असलेल्या बोल्टाला जर्मन पद्धतीत १३ चा पाना लागतो आणि जपानी पद्धतीत १२ चा. १० मिलिमीटरच्या बोल्टाला अनुक्रमे १७ आणि १४ चा. १२ मिलिमीटरच्या बोल्टाला १९ आणि १७ चा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनवलेल्या नव्या गाड्यांत याच शेवटच्या दोन बोल्टांना १६ आणि १८ ची डोकी आढळतात. त्यामुळे पेडण्यात स्कूटर-मोटारसायकलींचे काम करणाऱ्याचे हात ८, १०, १२, १४ आणि १७ या मापांवर रोज पडतात, तर डिचोलीत ट्रकखाली काम करणाऱ्याला १०, १३, १७, १९, २२, २४ आणि त्यापुढे २७, ३०, ३२ पर्यंत जावे लागते. दोन्हीकडे समाईक असलेली १० आणि १७ ही मापे मात्र सर्वांत आधी झिजतात आणि सर्वांत आधी हरवतात. ती दोन-दोन असणे हा अपव्यय नव्हे.

पहिली खरेदी कशी असावी, याचा विचार या मापांपासूनच सुरू होतो. फिक्स पाना, म्हणजे दोन्ही टोकांना उघडे जबडे असलेला पाना, स्वस्त पडतो आणि अडचणीच्या जागी बाजूने सरकवता येतो, परंतु तो नटाच्या सहापैकी दोनच बाजूंना धरतो, त्यामुळे घट्ट बसलेल्या नटावर जोर लावला की जबडा फाकतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. रिंग पाना नटाला सर्व बाजूंनी कवेत घेत असल्याने तो धोका पुष्कळ कमी होतो. गोटी, म्हणजे नटावर वरून बसणारी आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक असलेली पोकळ नळी, रॅचेट हँडलला जोडली असता पाना पुन्हा पुन्हा काढून बसवण्याचा त्रास वाचतो, कारण रॅचेटमधील दात हँडलला एका दिशेने जोर देऊ देतात आणि दुसऱ्या दिशेने मोकळे फिरू देतात. गोट्यांत सहा कोपऱ्यांची आणि बारा कोपऱ्यांची असे दोन प्रकार मिळतात. बारा कोपऱ्यांची गोटी नटावर लवकर बसते, पण ती कोपऱ्याच्या अगदी टोकाशीच धरते. सहा कोपऱ्यांची गोटी बाजूच्या सपाट भागावर दाब देते, म्हणून गंजलेल्या नटासाठी तीच योग्य. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने ज्या तालुक्यातील नट गंजतात तेथे बारा कोपऱ्यांच्या गोट्यांचा संच घेणे ही चूक ठरते, मग तो कितीही स्वस्त मिळो.

गोटीच्या चौकोनी भोकाला ड्राइव्ह म्हणतात आणि त्याचे माप आजही इंचात सांगितले जाते. दुचाकीच्या कामाला पाव इंची आणि तीन अष्टमांश इंची ड्राइव्ह पुरते, मोटारीला अर्धा इंची लागते, आणि ट्रकच्या चाकांना व स्प्रिंगांच्या यू बोल्टांना पाऊण इंची किंवा एक इंची. नव्या मेकॅनिकने यांपैकी एकच निवडायची झाल्यास अर्धा इंची ड्राइव्हचा संच निवडावा, कारण तो अडॅप्टर लावून खाली आणि काही मर्यादेपर्यंत वरही जुळवता येतो. मात्र अर्धा इंची रॅचेटवर लोखंडी पाइप चढवून ट्रकचा नट फिरवण्याचा मोह आवरला पाहिजे. रॅचेटचे दात तुटले की हात वेगाने गाडीच्या धातूवर आदळतो, आणि बोटे मोडण्याच्या अपघातांचे हे एक नेहमीचे कारण आहे. घट्ट नट सोडवण्यासाठी रॅचेट नसलेले लांब सरळ हँडल घ्यावे, नट सैल झाल्यावर रॅचेट लावावे.

बाकीच्या प्राथमिक अवजारांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. साधी पक्कड, नोज पक्कड, सर्क्लिप काढण्याची आतली व बाहेरची पक्कड, एलन कीचा संच, मध्यम वजनाची हातोडी, रबरी किंवा प्लास्टिकची हातोडी, छिन्नी, पोगर, कानस आणि तारेचा ब्रश, एवढ्यावर सुरुवात होते. स्क्रू ड्रायव्हरविषयी मात्र एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. जपानी वळणाच्या दुचाकींवर फुलीच्या खाचेचे जे स्क्रू असतात ते नेहमीच्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरला तंतोतंत जुळत नाहीत. नेहमीचे टोक खाचेतून वर सरकते आणि खाच खराब करते. जपानी मानकाचे टोक आणि त्यासोबत इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे डोक्यावर हातोडी मारली असता एकाच वेळी दाबणारा व फिरवणारा स्क्रू ड्रायव्हर, ही जोडी पेडण्यातील दुचाकी मेकॅनिकने पहिल्या सहा महिन्यांतच घ्यावी. इंजिनच्या कव्हराचा अडकलेला एक स्क्रू ड्रिलने कापून काढण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात या जोडीची निम्मी किंमत वसूल होते.

नट किती आवळावा, हे हाताच्या अंदाजाने ठरवण्याची सवय आपल्या गॅरेजांत खोलवर रुजलेली आहे, आणि अनुभवी हाताचा अंदाज बऱ्याच ठिकाणी बरोबर येतो हेही खरे. परंतु नव्या मेकॅनिककडे तो अनुभव नसतो आणि आजच्या गाड्यांतील ॲल्युमिनियमचे भाग चूक सहन करत नाहीत. पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, हा हँडलवर लावलेला जोर गुणिले नटापासून हाताचे अंतर असा मोजतात आणि न्यूटन मीटर या एककात सांगतात. एक मीटर लांबीच्या हँडलच्या टोकाला एक किलो वजन टांगले असता नटावर सुमारे १० न्यूटन मीटर पीळ पडतो. छोट्या मोटारसायकलींत वापरल्या जाणाऱ्या १० मिलिमीटर आट्यांच्या स्पार्क प्लगला एवढाच, म्हणजे १० ते १२ न्यूटन मीटर, पीळ पुरतो. १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला २५ ते ३० लागतो. पहिल्या प्लगला दुसऱ्याचा जोर दिला तर सिलिंडर हेडमधील आटे निघून येतात आणि काही मिनिटांचे काम काही हजारांचे होऊन बसते. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ पूर्ण होताच टिक असा आवाज करून सूचना देणारा पाना, ही चैनीची वस्तू मानू नये. लहान कामासाठी ५ ते २५ न्यूटन मीटरच्या आसपासचा आणि मोटारीच्या चाकांसाठी २०० पर्यंत जाणारा, असे दोन वेगळे रेंच हवेत, कारण कोणताही रेंच आपल्या मापाच्या अगदी खालच्या टोकाला विश्वासार्ह राहत नाही. त्याने नट सोडवू नये, काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, आणि वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर त्याची तपासणी करून घ्यावी, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा संकेत आहे.

मोजमापाच्या अवजारांकडे नवे मेकॅनिक सर्वांत शेवटी वळतात, वास्तविक गिऱ्हाइकाचा विश्वास याच अवजारांनी मिळतो. फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, टॅपेटमधील आणि प्लगमधील फट मोजतो. व्हर्नियर कॅलिपर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे अंतर वाचतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. ब्रेकच्या डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते, आणि ती मायक्रोमीटरने मोजून गिऱ्हाइकाला दाखवली की डिस्क बदलायची की नाही हा वाद उरत नाही. विजेच्या कामासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन सुरू असताना हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यावा लागतो. या दोन आकड्यांवरून बॅटरी दोषी आहे की चार्जिंग, हे एखादा सुटा भाग विकत घेण्यापूर्वीच कळते. पावसाळ्यात ओलाव्याने जोड गंजून विजेचे बिघाड वाढतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात मल्टिमीटरइतके काम दुसरे कोणतेही अवजार क्वचितच करते.

पेडण्यातील भाड्याच्या स्कूटरींची प्रकृती वेगळी आहे. त्या एका मालकाच्या हातात राहत नाहीत, वाळूत उभ्या केल्या जातात, समुद्राच्या पाण्याच्या थेंबांनी भिजतात आणि हंगामात त्यांना विश्रांती नसते. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये पट्ट्यावर चालणारी शक्तिवहन व्यवस्था असते. तिच्या पुढच्या पुलीला व्हेरिएटर म्हणतात आणि मागच्या पुलीबरोबर आपोआप लागणारा क्लच बसवलेला असतो. पट्टा व व्हेरिएटरचे रोलर बदलण्यासाठी पुली फिरू न देणारा होल्डर लागतो. तो नसल्यास काही जण पुलीच्या पंखांत स्क्रू ड्रायव्हर अडकवतात आणि पंख मोडतात. होल्डर, क्लचचा नट सोडवण्याची मोठी गोटी आणि मॅग्नेट ओढून काढणारा पुलर, ही तीन अवजारे एका हंगामात आपली किंमत भरून काढतात. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट बसवलेला असेल आणि मध्ये खारे पाणी शिरले, तर दोन धातूंमधील रासायनिक क्रियेमुळे ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि बोल्ट जॅम होतो. म्हणून किनारी भागात प्रत्येक बोल्ट परत बसवताना आट्यांना जॅम न होऊ देणारे ग्रीस लावावे. असे वंगण लावल्याने तोच पीळ बोल्टावर जास्त ताण आणतो, ही गोष्ट टॉर्क रेंच वापरताना लक्षात ठेवावी. तुटलेले बोल्ट काढण्याचा एक्स्ट्रॅक्टर आणि ६, ८, १० मिलिमीटरचे आटे पुन्हा पाडण्याचे टॅप, हेही येथे दुर्मीळ प्रसंगाचे नसून नित्याच्या कामाचे आहेत.

१ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा हे प्रदूषणमानक लागू झाल्यापासून साध्या स्कूटरमध्येही कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली. तिच्या पेट्रोल पंपाचा दाब साधारण तीन बार असतो. तो मोजण्याचा गेज आणि गाडीच्या संगणकातील दोषसंकेत वाचणारा स्कॅनर यांशिवाय पुढच्या काही वर्षांत दुचाकीचे काम अपुरे राहील. तरीही स्कॅनर पहिल्या वर्षी घेऊ नये असे वाटते, कारण स्कॅनर फक्त संशयित भागाकडे बोट दाखवतो. तो भाग खरोखर बिघडला आहे की त्याच्या तारेचा जोड हरमलच्या हवेत हिरवा पडला आहे, हे मल्टिमीटर आणि डोळेच सांगतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे वळायचे असेल, तर एक हजार व्होल्टपर्यंत निर्धोक असल्याची दुहेरी त्रिकोणाची खूण असलेली आवरणयुक्त अवजारे आणि तशाच दर्जाचे हातमोजे लागतात. मोटारीतील नारिंगी रंगाच्या जाड तारांना त्याशिवाय आणि रीतसर प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये.

डिचोलीच्या बाजूला अवजारे जड आहेत आणि धोकेही. टिपरचा हौदा वर करून त्याखाली काम करायचे असेल, तर हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर कधीही राहू नये. तेलाचा पाइप फुटला किंवा एखादा व्हॉल्व्ह चुकून उघडला की हौदा क्षणात खाली येतो आणि त्याखालच्या माणसाला बाहेर पडण्याची संधी मिळत नाही. हौद्याला मूळचा आधारदांडा असेल तर तो लावावा, नसेल तर भरभक्कम पोलादी आधार बनवून घ्यावा, आणि हा आधार गॅरेजातील पहिली खरेदी समजावा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये मागच्या चाकांजवळ जो स्प्रिंग ब्रेक चेंबर असतो, त्याच्या आत प्रचंड ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तिला बांधून धरणारा बोल्ट नीट लावल्याशिवाय या चेंबरला हात लावू नये, आणि स्प्रिंग असलेला त्याचा भाग तर उघडूच नये, पूर्ण चेंबर बदलावा. अशा कामाने माणसे दगावली आहेत.

ट्रकच्या चाकाचे नट कित्येकशे न्यूटन मीटर आवळावे लागतात. त्यासाठी पाऊण किंवा एक इंची ड्राइव्हच्या गोट्या, लांब हँडल आणि शक्य असल्यास टॉर्क मल्टिप्लायर, म्हणजे आतील गिअरांच्या साहाय्याने हाताचा पीळ अनेक पटींनी वाढवणारे साधन, घ्यावे. हवेवर चालणाऱ्या इम्पॅक्ट रेंचला वापरायच्या गोट्या वेगळ्या, काळ्या आणि जाड असतात. त्या जागी चकचकीत क्रोमच्या गोट्या लावल्या तर त्या फुटून तुकडे डोळ्यात उडतात. बेअरिंग आणि हब काढण्याचे दोन व तीन पायांचे पुलर, मोठी हातोडी, टॉमी आणि ग्रीस गन हे येथील नित्याचे सोबती. लोहखनिजाची लाल धूळ अतिशय घासणारी असते, म्हणून डिझेल फिल्टर, ब्रेक किंवा बेअरिंग उघडण्यापूर्वी तो भाग धुऊन काढण्याची सोय, म्हणजे दाबाने पाणी मारणारा पंप आणि स्वच्छ पत्र्याचे ट्रे, हीही अवजारांतच मोजावी. बाहेरची धूळ आत गेली तर नवा बेअरिंगही जुन्यासारखाच लवकर जातो.

डिचोलीतील तरुणाने याच ठिकाणी एक सावधगिरी बाळगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले; पुढे ते मर्यादित स्वरूपात सुरू झाले, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि त्या वर्षीच्या मार्चपासून ते पुन्हा बंद पडले. दोन्ही वेळा टिपर ओळीने उभे राहिले, मालकांचे हप्ते थकले आणि ज्या गॅरेजांची सर्व भिस्त त्या टिपरांवर होती त्यांचे उत्पन्नही आटले. आता लिलावाने दिलेल्या पट्ट्यांतून खाणकाम पुन्हा सुरू होत असले, तरी सर्व भांडवल एक इंची ड्राइव्हच्या अवजारांत घालणे शहाणपणाचे नाही. १० ते २४ मापांचा चांगला पायाभूत संच, मल्टिमीटर आणि मोजमापाची अवजारे ही टिपर, मोटार, ट्रॅक्टर, पाण्याचा पंप अशा सर्वांना चालतात. जड आणि महाग नग एकेक करून, हाती काम असेल तेव्हाच वाढवावेत.

प्रत ओळखणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, परंतु काही खुणा कोणालाही तपासता येतात. पाना क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा, म्हणजे कठीणपणा आणि चिवटपणा दोन्ही असलेल्या मिश्र पोलादाचा असावा, साच्यात ओतलेला नसून ठोकून घडवलेला असावा, आणि त्यावर निर्मात्याचे नाव व माप खोल उमटलेले असावे. भारतीय मानक २०२८ हे उघड्या जबड्याच्या पान्यांसाठी आणि २०२९ हे रिंग पान्यांसाठी आहे. या क्रमांकांचा उल्लेख दुकानदाराजवळ केला तरी पुढे येणारा माल बदलतो. दुकानात जाताना खिशात योग्य मापाचा एक नवा बोल्ट न्यावा आणि पाना त्यावर बसवून पाहावा. फार हलत असेल तर तो पाना घेऊ नये. नाशिकच्या सातपूर येथील टपारियासारख्या किंवा जालंधर-लुधियाना भागातील नावाजलेल्या कारखान्यांच्या अवजारांची किंमत मध्यम असते आणि नव्या मेकॅनिकला त्यांहून महाग परदेशी मालाची गरज नसते. म्हापशाच्या बाजारात प्रसिद्ध नावांच्या नकलाही येऊ शकतात, म्हणून बिल देणारे दुकान निवडावे आणि बिल जपून ठेवावे. जुनी अवजारे घ्यायला हरकत नाही. मात्र जॅक, टॉर्क रेंच आणि गाडी उचलून धरणाऱ्या घोड्या जुन्या घेऊ नयेत, कारण त्यांतील दोष बाहेरून दिसत नाही.

हवामानाचा विचार खरेदीइतकाच महत्त्वाचा. चिऱ्याच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, म्हणून अवजारांची फळी भिंतीला थेट न ठोकता मध्ये दोन बोटे जागा सोडावी. किनाऱ्याजवळ काम करणाऱ्याने दिवसअखेर अवजारे कोरड्या फडक्याने पुसून, मग तेल लावलेल्या फडक्याचा हात त्यांवर फिरवावा. खारट पाण्याने भिजलेली असतील तर आधी गोड्या पाण्याने धुवावीत. फळीवर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा रंगवून ठेवली असता संध्याकाळी कोणते परत आले नाही हे एका नजरेत कळते, आणि इंजिनाच्या खाचेत विसरलेला पाना गिऱ्हाइकाच्या गाडीबरोबर पत्रादेवीपलीकडे जात नाही. खंडेनवमीला अवजारे मांडून त्यांची पूजा करण्याची प्रथा या व्यवसायात आजही पाळली जाते. पूजेच्या आदल्या दिवशी सर्व अवजारे घासून, तडे तपासून, फाकलेले पाने आणि मशरूमसारखी डोकी पसरलेल्या छिन्न्या बाजूला काढण्याचा नियम केला तर वर्षाची तपासणी आपोआप होते.

पैशांच्या बाबतीत गैरसमज बरेच आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य मिळते, हे ऐकून अनेक तरुण चौकशी करतात; परंतु त्या योजनेतील १८ व्यवसायांत लोहार, कुलूप दुरुस्त करणारे, हातोडी व अवजारे बनवणारे आहेत, वाहन मेकॅनिक नाहीत. मेकॅनिकला उपयोगी पडते ती २०१५ ची मुद्रा योजना, जिच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते, आणि गोव्यात आर्थिक विकास महामंडळामार्फत राबवली जाणारी मुख्यमंत्री रोजगार योजना. दोन्हींसाठी अर्ज करताना अवजारांची मापांसह यादी, दुकानाचे दरपत्रक आणि आयटीआयचे प्रमाणपत्र जवळ असावे. पेडणे आणि डिचोली या दोन्ही ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत; मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. तेथे शिकताना कोणते अवजार किती वेळा हातात आले याची वही ठेवली, तर कर्जासाठीची यादी अंदाजाने करावी लागत नाही.

कर्ज मिळाले तरी सगळीच अवजारे एकट्याने घेण्याची गरज नसते. मोठे पुलर, इंधनदाबाचा गेज, टॉर्क मल्टिप्लायर आणि स्कॅनर ही अवजारे एका गॅरेजात महिन्यातून काही तासच वापरली जातात. मांद्रे ते मोरजी किंवा डिचोली ते साखळी या टापूंतील चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून ती घेतली, नेणाऱ्याची नोंद ठेवली आणि मोडल्यास भरपाईचा नियम आधीच लिहून ठेवला, तर एकट्याला न परवडणारा खर्च सर्वांना परवडतो. या तालुक्यांतील जुन्या मेकॅनिकांनी अशा व्यवस्थेत पुढाकार घ्यावा आणि त्यात आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांनाही सामावून घ्यावे.